गिटारचा पट्टा आणि दोन स्क्रू

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक गिटार पडली. वाजवणाऱ्याच्या हातातून निसटली असं नव्हे. ती त्याच्या खांद्यावरून पडली. दुसरं गाणं संपलं होतं, मुलगा पाण्याची बाटली घ्यायला वाकला, आणि पट्ट्याचं मागचं टोक बटणावरून अलगद सुटलं. गिटार ध्वनिवर्धकाला जोडलेलीच होती, त्यामुळे तिचं पडणं साऱ्या मंडपाला ऐकू आलं. उचलून पाहतो तो मान मोडलेली. मुलगा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "सर, मामाला काय सांगू?" गिटार मामांची होती, दोन दिवसांसाठी मागून आणलेली.

मी विषय शिकवतो इतिहास. पण विद्यार्थिदशेत मीही गिटार वाजवीत असे, आणि संमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. तेव्हा हा अपघात मला माझाही वाटला. त्यातून जे शिकलो ते आज तुम्हांला सांगणार आहे. तुमच्या घरी इलेक्ट्रिक गिटार नसली तरी मुलाची, भाचीची, शेजारच्या कुणाची तरी असेलच.

सतार वाजवणारा बैठक मारून बसतो. वाद्याचं ओझं मांडी आणि जमीन वाटून घेतात. इलेक्ट्रिक गिटार बहुधा उभ्यानं वाजवायची असते, आणि ती भरीव लाकडाची. गिब्सन कंपनीनं १९५२ साली काढलेल्या लेस पॉल धाटणीच्या गिटारचं वजन सहज चार किलो भरतं. हा सारा भार एका पट्ट्यावर असतो, आणि पट्ट्याची दोन टोकं दोन लहान बटणांवर नुसती अडकवलेली असतात. चामड्याला भोक, त्यातून बटणाचं डोकं आत घातलं की झालं! पट्टा नवा असतो तोवर भोक घट्ट असतं. वर्षा-दोन वर्षांत चामडं मऊ पडतं, भोक सैलावतं.

इथं एक गंमत लक्षात घ्या. पट्टा ताणलेला असताना सहसा सुटत नाही. तो सुटतो ढिला पडल्यावर. वाजवणारा गिटार गुडघ्यावर टेकवतो, वाकतो, वाद्याला हातानं आधार देतो. तेवढ्यात ढिल्या पट्ट्याला पीळ पडतो आणि भोक बटणावरून सरकतं. पुन्हा सरळ उभं राहिलं की गिटार खाली. आमच्या मुलाचं नेमकं हेच झालं.

आणि लेस पॉलच्या बाबतीत पडणं म्हणजे बहुतेक वेळा मान मोडणं. तिचा माथा मागच्या बाजूला सुमारे १७ अंशांनी कललेला असतो. मान महॉगनीची, आणि माथ्याजवळच आतली लोखंडी सळई पिळता यावी म्हणून लाकूड कोरून काढलेलं. पाठीवर पडली तर आधी माथा आपटतो आणि नेमकी ती नाजूक जागा दुभंगते. फेंडरच्या गिटारचा माथा मानेच्या रेषेत सरळ असतो. ती हा मार पुष्कळ सोसते.

यावर उपाय म्हणजे पट्ट्याचं कुलूप, ज्याला दुकानदार स्ट्रॅप लॉक म्हणतात. दोन जाती विशेष प्रचारात आहेत. अमेरिकेच्या डनलॉपच्या कुलपात पट्ट्यावरच्या भागाला मधोमध कळ असते. ती दाबली की बारीक गोळ्या आत सरतात, सोडली की त्या बटणाच्या पोकळीत अडकतात. जर्मनीच्या शालरच्या कुलपात पट्ट्यावर घोड्याच्या नालेसारखा तुकडा असतो. तो बटणाभोवती बसतो आणि स्प्रिंगची खीळ त्याला अडवते. या नालेची बंद बाजू पट्ट्याच्या टोकाकडे हवी, म्हणजे खीळ बिघडली तरी गिटारचा भार नालेतच राहतो. पुष्कळजण नाल उलटी बसवतात आणि सगळा भरवसा त्या बारीक खिळीवर टाकतात.

परदेशातले काही वादक याहून स्वस्तात भागवतात. एका डच बिअरच्या बाटलीच्या झाकणाला जाड रबरी चकती असते, ती बटणावर पट्ट्याच्या बाहेरून चढवतात. मी रेडिओवरून बिअरचा पुरस्कार करतो आहे असं कृपा करून समजू नका. तशीच रबरी चकती हार्डवेअरच्या दुकानातही मिळते, आणि काम चांगलं करते.

पण कुलूप विकत घेतलं म्हणजे काम झालं, ही समजूत चुकीची. कुलूप बटणाला धरतं. बटणाला धरतो स्क्रू. आणि स्क्रूला धरतं लाकूड. जुना स्क्रू काढून नव्याच्या शेजारी ठेवून पाहा. बहुधा दोघांची जाडी वेगळी निघते. नवा बारीक असला तर जुन्या भोकात तो नुसता फिरत राहील. जाड असला आणि तुम्ही जोर केलात, तर लाकूड तडकेल किंवा स्क्रूचं डोकं तुटून धड आत राहील. जुनाच स्क्रू नव्या बटणात घालायचा मोह होतो. पण त्याचं डोकं बटणाच्या खळग्यात पूर्ण बसलं नाही, तर कुलूप अर्धवट लागतं, आणि अर्धवट लागलेलं कुलूप बाहेरून लागल्यासारखंच दिसतं.

भोक सैल असेल तर आगकाड्यांची गुलं काढून टाका, काड्या सुताराच्या गोंदात बुडवा, भोकात ठासून भरा आणि वर आलेला भाग सपाट कापा. रात्रभर वाळू द्या. घाई करू नका. माझी पहिली खेप घाईनंच फुकट गेली. भोक फारच खराब असेल तर सुताराकडून ते सहा मिलिमीटरचं करून घ्यावं आणि कठीण लाकडाची गोल खुंटी गोंदानं बसवावी. मग मधोमध नवं भोक पाडा. स्क्रूच्या आट्या सोडून आतला गाभा जेवढा जाड, तेवढंच. स्क्रूला मेणबत्ती घासा. बटणाखाली नमद्याची चकती ठेवा आणि हातानं पिळत जा, विजेच्या यंत्रानं नको. नमदा जरा दबला की थांबा.

आता राहिला पट्टा. कुलपाचा बोल्ट चामड्यातून जातो आणि आतून नट लागतो. पट्टा फार जाड असला तर नटाला दोनच आटे मिळतात, आणि पट्ट्याच्या हालचालीनं तो फिरत फिरत सुटतो. हे कुलपाचं खरं दुखणं. शालरच्या नव्या नमुन्यात ही चाकी बारीक स्क्रूनं जखडता येते. जुना नमुना असेल तर दर कार्यक्रमाआधी बोटानं चाचपून पाहावं. पहिली परीक्षा मात्र पलंगावरच घ्या: गिटार गादीवर धरा, पट्टा चारी दिशांना ओढा, ढिला सोडा, पुन्हा ओढा.

मामांची गिटार एका कारागिरानं सरसानं जोडून दिली. सांधा दिसतो, पण सूर धरते. मामा रागावले, मग म्हणाले, "कुलपं बसव, आणि वाजव." मुलानं ती माझ्याच घरी, माझ्याच गिरमिटानं बसवली. एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो: शालरचं टोक लावलेला पट्टा साध्या बटणावर चढत नाही. पुढच्या महिन्यात त्यानं मित्राची गिटार वाजवायला घेतली आणि पट्ट्यावाचून खुर्चीत बसून गाणं पुरं केलं. तेव्हापासून त्याच्या पिशवीत एक जुना, साधा पट्टाही असतो, दोन रबरी चकत्यांसकट.