सिरीचा किल्ला आणि देवगिरीचा पाहुणा
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दिल्लीत राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींस सिरी फोर्ट म्हटले की प्रेक्षागृह आठवते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही मंडळातील तीन कुटुंबे डबे बांधून सिरीचा किल्ला पाहावयास निघालो, तेव्हा रिक्षावाल्यानेही आम्हांस त्या प्रेक्षागृहाच्याच दाराशी नेऊन सोडले. "किला? यही तो है," असे म्हणून, पैसे घेऊन तो चालताही झाला.

विचारत विचारत आम्ही शाहपूर जाट गावाशी पोहोचलो. तेथे ओबडधोबड दगडांच्या तटाचे तुटक तुकडे उभे आहेत. जवळच १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी उभारलेली वसाहत आहे. १३०३ साली मंगोलांनी दिल्लीस वेढा दिला, तेव्हा अल्लाउद्दीन खिलजी सिरीच्या मैदानावर तळ देऊन राहिला होता. संकट टळल्यावर त्याने तेथेच किल्ला बांधला. आत 'हजार सुतून', म्हणजे हजार खांबांचा राजवाडा होता. आज त्यातील एक खांबही दिसत नाही. पुढे शेरशहाने आपल्या नव्या शहरासाठी सिरीचे दगड नेले, असे सांगतात.

"बाबा, मग पाहायचे काय?" आमच्यातील एका चिरंजीवांनी विचारले. प्रश्न रास्त होता. तटाच्या सावलीत डबे उघडता उघडता आम्ही त्याचे उत्तर देऊ लागलो.

१२९६ साली याच अल्लाउद्दीनाने देवगिरीवर अचानक चाल करून अपार संपत्ती लुटली आणि त्याच वर्षी चुलत्याचा वध करून तो दिल्लीच्या तख्तावर बसला. पुढे देवगिरीहून खंडणी येईनाशी झाली, तेव्हा १३०७ साली त्याने मलिक काफूरला फौज देऊन धाडले. काफूर रामदेवराव यादवांस दिल्लीस घेऊन आला. ज्यांच्या राज्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि हेमाद्री पंडित ज्यांच्या पदरी होते, तेच हे रामदेवराव. सुलतानाने त्यांचा मान राखला, 'राय रायान' हा किताब दिला आणि काही महिन्यांनी त्यांस राज्यासह परत पाठविले.

येथवर ऐकून मुलांना बरे वाटले. परंतु गोष्ट येथे थांबत नाही. नंतर वरंगळ आणि द्वारसमुद्र येथे निघालेल्या दिल्लीच्या फौजांना देवगिरीहून साह्य मिळाले. आम्ही सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेली माणसे. मानपत्र आणि त्यामागून येणारी कामांची यादी, यांचा संबंध आम्हांस चांगला ठाऊक आहे. म्हणूनच रामदेवरावांस दोष देण्यास आमची जीभ सहजी वळत नाही. पण त्या किताबाचा अभिमानही वाटत नाही. त्यांच्या पुत्राने, शंकरदेवाने, दिल्लीची ताबेदारी झुगारली आणि तो मारला गेला. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य संपले.

आता नवल पाहा. जिंकणाऱ्याचा किल्ला शोधण्यास आम्हांला चार जणांना वाट विचारावी लागली; हरणाऱ्याचा डोंगर मात्र दौलताबाद या नावाने आजही दुरून दिसतो. यातून तात्पर्य काढण्याचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतो. दगड कोणाचा पक्ष घेत नाहीत. डोंगर फोडून नेता येत नाही, तट नेता येतो, इतकेच.

परत निघताना त्याच चिरंजीवांनी दुसरा प्रश्न केला, "इतके महिने रामदेवराव इथे मराठीत कोणाशी बोलत असतील?" आम्ही तिघे बाप एकमेकांकडे पाहत राहिलो. बदलीच्या पहिल्या वर्षी, या मंडळाचा पत्ता लागण्यापूर्वी, आम्हां प्रत्येकास हाच प्रश्न पडला होता.

पुढील सहल लवकरच ठरेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नावे द्यावीत, आणि रिक्षावाल्यास 'शाहपूर जाट' असे सांगावे. किल्ल्याचे नाव घेऊ नये.