रुटाबागा: थंडीतला कंद

रुटाबागा म्हणजे कोबी आणि सलगम यांच्या संकरातून आलेला कंद. वरून जांभळट, आत पिवळसर. 1916-17च्या हिवाळ्यात जर्मनीत बटाट्याचं पीक बुडालं, तेव्हा लोकांनी यावरच दिवस काढले. त्यामुळे तिथे पुढे बराच काळ त्याला 'दुष्काळाचं अन्न' म्हणून नाकं मुरडली गेली. बिचारा कंद!

फिनलंडमध्ये मात्र तो नाताळच्या ताटात मानाने बसतो. फोडी मऊ शिजवून कुस्करायच्या, त्यात साय, अंडं, पावाचा चुरा, थोडा पाक आणि जायफळ घालून ओव्हनमध्ये मंद आचेवर खरपूस होऊ द्यायचं. जायफळ विसरू नका, सगळी गंमत त्यातच आहे. स्कॉटलंडमध्ये नुसतं लोणी-मिरपूड पुरते. साल जाड असते, तेव्हा सुरी जपून चालवा.