पेडणे, डिचोली आणि नत्राचा जमाखर्च



आजचा विषय नायट्रस ऑक्साइड. शेतकऱ्याच्या डोळ्यांना वा नाकाला ज्याचा थांग लागत नाही असा हा वायू एकदा वातावरणात शिरला की शंभराहून अधिक वर्षे तेथे टिकतो, तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवृद्धी शंभर वर्षांच्या हिशेबात घडवतो आणि ओझोनच्या थराचीही झीज करतो. आणि मानवी उद्योगांतून त्याचा जेवढा उत्सर्ग होतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा शेतीचा आहे.

आयर्लंड आणि न्यूझीलंड हे दोन देश पाहा. प्रत्येकाची वस्ती अर्ध्या कोटीच्या आसपास, दोघांचीही शेती गवतावर आणि दुधावर उभी, आणि दोघांच्याही हरितगृह-वायूंच्या ताळेबंदात शेतीचा वाटा इतर प्रगत राष्ट्रांच्या मानाने फार मोठा, न्यूझीलंडात तर जवळजवळ निम्मा. त्यामुळे दोघांना एकाच पंक्तीला बसवण्याचा मोह सहज होतो. परंतु न्यूझीलंडात गाई बहुतेक ठिकाणी बारमाही कुरणात चरतात, आणि त्यांचे मूत्र जेथे पडते त्या हातभर जागेत गवताला पेलणार नाही एवढे नत्र एकदम साचते; आयर्लंडात हिवाळाभर गाई गोठ्यात असतात, साठलेले शेणमूत्र पुढे शेतावर पसरले जाते, आणि तेथील ओल्या मातीत खताचा प्रकारच निर्णायक ठरतो. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमधील सुमारे दीड टक्का नत्र या वायूच्या रूपाने जाते, तर युरिएज-रोधक लावलेल्या युरियातील अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असे तेथील संशोधकांनी मोजून दाखवले. म्हणून आयर्लंडने खताची जात बदलण्यावर भर दिला. न्यूझीलंडने 2021 पासून, मुख्यतः नद्यांच्या शुद्धतेसाठी, कुरणाला हेक्टरी वर्षाकाठी 190 किलो कृत्रिम नत्राची मर्यादा घातली. एकाचा उपाय दुसऱ्याने डोळे मिटून उचलला असता तर फारसे काही साधले नसते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली गेले. मात्र त्यांची जमीन एका स्वभावाची नाही. पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठांवर बांध आणि मानस (झडपांची दारे) यांच्या आश्रयाने टिकलेली खाजने, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते, आहेत, किनाऱ्याला रेताड माडबागा, हरमलच्या मिरचीचे मळे, वर मरडाची, म्हणजे उंच जमिनीवरची, भातशेती आणि काजूचे डोंगर. डिचोलीत मांडवीच्या बाजूला सखल भातजमीन, आत पोफळी, केळी आणि मिरी यांची कुळागरे, आणि खाणपट्ट्यालगत अशी शेते, की ज्यांत वर्षानुवर्षे बारीक खनिजगाळ येऊन बसला आहे.

हा भेद का महत्त्वाचा, ते नीट पाहण्यासारखे आहे. शेतात पाणी अखंड उभे असेल तर मातीत प्राणवायू उरत नाही, आणि तेथले सूक्ष्मजंतू नायट्रेटचे रूपांतर थेट निरुपद्रवी नत्रवायूपर्यंत नेतात. माती पूर्ण कोरडी असेल तर ही क्रिया जवळजवळ थांबतेच. धोका आहे तो मधल्या अवस्थेत, म्हणजे मातीतील रंध्रे साधारण 60 ते 80 टक्के पाण्याने भरलेली असताना, कारण तेव्हा हे रूपांतर अर्ध्यावर सुटते आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर, भाताचे पाणी काढल्यावर, कालव्याच्या दोन पाळ्यांमधील ओलीत ही अवस्था येते. आणि गाळाने निचरा मंदावलेल्या शेतात ती अधिक काळ रेंगाळते.

1973 साली झुआरीनगरचा खतकारखाना सुरू झाला, त्यानंतर युरिया गोमंतकीय शेतकऱ्याच्या हातचाच झाला. आजच्या 45 किलोच्या गोणीत नत्र सुमारे 20.7 किलो. आंतरराष्ट्रीय हवामान-समितीने 2019 साली सुधारलेल्या गुणकांप्रमाणे हीच गोणी पाणथळ भातात टाकली तर तिच्यातून थेट निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा भार अंदाजे 35 किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो, आणि ओल्या हवामानातील मरडावर वा बागायतीत टाकली तर तोच सुमारे 142 किलोंवर जातो. गोणी एकच असताना फरक चौपट! मग केवळ विकलेल्या गोण्या मोजून पेडणे स्वच्छ की डिचोली, असा निवाडा देणे न्यायाचे कसे म्हणावे? मिथेन घटवण्यासाठी भात आलटून पालटून सुकवावे, असा जो उपदेश आज चहूकडे होतो, त्यातही हीच मेख आहे: मिथेन घटतो, पण नत्र सढळ पडले असेल तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. 2015 पासून देशात युरियाला कडुनिंबाचे लेपन सक्तीचे झाले, त्यामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर काहीसे मंदावते; ते पाऊल योग्यच होते, परंतु शेतातील पाण्याची व्यवस्था त्याने बदलत नाही.

माझी सूचना अशी आहे. पेडण्यातील एक खाजन, हरमलचा एक मिरचीमळा, डिचोलीतील एक कुळागर आणि गाळ बसलेले एक सखल शेत, अशा चार ठिकाणी मृगापूर्वीपासून वायंगणाच्या, म्हणजे रब्बी भाताच्या, कापणीपर्यंत, सलग दोन वर्षे, झाकणपेट्या बसवून हा वायू मोजावा. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि कृषी खात्याच्या दप्तरात खताच्या नोंदीशेजारी खत टाकल्याची, पाणी घेतल्याची आणि काढल्याची तारीख लिहिण्यासाठी रकाना असावा. तिळारी धरणाचे पाणी या दोन्ही महालांत ज्या दिवशी सुटते आणि ज्या दिवशी बंद होते, ते दिवसही त्याच वहीत उतरावेत. पेट्यांसाठी शेताचा जो कोपरा अडेल त्याची भरपाई सरकारने आगाऊ द्यावी, शेतकऱ्याकडून एक छदामही घेऊ नये, आणि मोजणीचे आकडे सर्वांआधी त्या शेताच्या मालकाला मराठीतून कळवावेत.