पावसाआधी शटर सांभाळा

कोकणात आपल्या गटाच्या गाळ्याचं शटर गंजायला लागतं ते खालच्या पट्टीपासून. तिथं पाणी उडतं, खारा वारा लागतो, ओल सुकत नाही. पट्टी कुजली की फटीतून दमटपणा आत शिरतो आणि आमसुलं, मसाले बुरशी धरतात. मेहनत आपली, नुकसानही आपलंच.

म्हणून मे महिन्यातच गंज पॉलिश पेपरने घासून काढा. कोरड्या फडक्याने पुसून रेड ऑक्साइडचा हात द्या, तो वाळला की ऑइल पेंट. आतून-बाहेरून दोन्हीकडे. रंग पुरता वाळेपर्यंत शटर गुंडाळू नका. बाजूच्या पट्ट्यांतली वाळू ब्रशने काढा.

रंगाचा खर्च मासिक बैठकीत मंजूर करून घ्या. नवं शटर घ्यायची वेळ आली, तर पैसे आपल्या बचतीतूनच जातील, नाही का?