लाखभर फेऱ्या मारणारा प्रकाश

मी वळहून बोलतोय, आपल्या भिवंडीतलं वळ. मध्येच कंटेनरचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या. आजचा विषय आहे प्रकाशाला कोंडून ठेवणारी स्फटिकाची चकती. लगेच पुढचा भाग लावू नका, सोपं करून सांगतो.

विजापूरचा गोल घुमट पाहिलाय? १६५६ साली पूर्ण झाला, आतला व्यास साधारण ३८ मीटर. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की थेट पलीकडच्या माणसाला ऐकू जातं. आवाज वळणाऱ्या भिंतीला धरून सरकत जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२२ साली अशा कुजबुजणाऱ्या सज्जांवर लेख लिहिला होता.

आता आवाजाच्या जागी प्रकाश घ्या आणि घुमटाच्या जागी पाच मिलिमीटरची चकती, शर्टाच्या बटणाहून लहान. प्रकाश काठावर आतून आपटतो आणि परत आत वळतो. फेरी संपताना लाट स्वतःशीच नेमकी जुळली तर तो रंग टिकतो, नाही जुळली तर विरतो. याला म्हणतात रेझोनेटर. कॅल्शियम फ्लोराइडच्या उत्तम चकतीत विझण्याआधी प्रकाश दीड किलोमीटरहून जास्त फिरतो. परीघ जेमतेम दीड सेंटिमीटर. करा हिशोब, लाखभर फेऱ्या!

पण काठावर एक बारीक ओरखडा असला, की प्रकाश तिथूनच निसटतो. म्हणून खरी कसोटी बनवण्यात आहे.

फ्लोराइडचा स्फटिक चक्क लेथवर फिरवतात. हिऱ्याच्या टोकाने कापतात, मग हिऱ्याच्या भुकटीने घासतात. भुकटी टप्प्याटप्प्याने बारीक करत जायची, पृष्ठभाग नॅनोमीटरपर्यंत गुळगुळीत होईस्तोवर. यंत्र असतं, पण हात आणि संयमही लागतो.

हिऱ्याचं तंत्र वेगळं. पातळ हिऱ्यावर लेप देऊन इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी आखतात. उघड्या भागावर ऑक्सिजनचा प्लाझ्मा सोडला की तिथल्या कार्बनचा वायू होऊन उडून जातो. उरतं ते केसाहून बारीक कडं. २०१४ साली हार्वर्डच्या गटाने अशा हिऱ्याच्या कड्यातून एका लेझरचे अनेक रंग काढून दाखवले.

एवढा खटाटोप हिऱ्यासाठीच का? तो उष्णता झटकन वाहून नेतो. शिवाय त्यात नायट्रोजनमुळे होणारे काही दोष चुंबकीय क्षेत्र ओळखतात. प्रकाश त्या दोषाजवळून पुन्हापुन्हा गेला तर त्याची खूण जास्त ठळक मिळते. पवईच्या आयआयटी मुंबईत हिऱ्यातल्या या दोषांवर संशोधन चालतं. राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदनाचं केंद्रही तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. वळ ते पवई, अंतर फार नाही. पण आपल्या पोरांना दोनच वाटा दाखवतात: गोदामात स्कॅनर धरा, नाहीतर यंत्रमागावर बारा तास उभे राहा. दोन्ही कष्टाची कामं आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण विज्ञान म्हणजे फक्त पीएचडीवाल्यांचं, हे मला पटत नाही. स्फटिक कितीही शुद्ध असू द्या, काठ गुळगुळीत करणारा हात नसेल तर प्रकाश एक फेरीसुद्धा धड मारणार नाही.

म्हणून आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतला असेल तर मान खाली घालू नका. मायक्रोमीटर वाचायला नीट शिका. अकरावी-बारावीला असाल तर भौतिकशास्त्र घाबरून सोडू नका. प्रयोगशाळेला सूत्र मांडणारा लागतो, तसाच काठ घासणाराही लागतो.

तुमच्या ओळखीत कुणी लेथवर काम करत असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!