पेनावरची चिठ्ठी

(यवतमाळ जिल्ह्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कापडाचं पेन कसं करायचं ते दाखवा, असं मला सांगितलंय. दाखवते. पण त्या पेनावरून आमच्या गटात जे भांडण झालं, तेही सांगणार आहे.

आपला मुलूख कापसाचा, म्हणून आधी मी पऱ्हाटीच्या काडीचं पेन करायला गेले. छत्रीची तार तापवून भोक पाडलं, रिफिल बसवली. दोन दिवसांत काडी तडकली. पऱ्हाटी चुलीतच बरी! मग शिंप्याकडच्या चिंध्या आणल्या. रिफिलपेक्षा किंचित जाड अशी विणकामाची सुई घ्यायची, तिला तेलाचा हात लावायचा आणि जुन्या वर्तमानपत्राची पट्टी खळ लावत तिच्यावर घट्ट गुंडाळायची. गुंडाळी ओली असतानाच सुई फिरवून काढायची, नाहीतर ती आतच बसते. वाळवायची सावलीत, उन्हात वाकते. कापडाची पट्टी उरेब कापा, सरळ कापली तर गोलाईवर चुण्या पडतात. टोकापासून गुंडाळत जायचं, वर टाका घालायचा. जुन्या लुगड्याचा काठ सगळ्यात देखणा दिसतो. रिफिल चिकटवू नका, संपली की बदलता आली पाहिजे. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात. आम्ही घालत नाही. ते विष आहे, आणि पोरं पेन चावतात. म्हणून खळ रोज ताजी, आणि भर पावसात काम बंद.

वाळण्याचा वेळ सोडला तर सरावलेल्या हाताने तासाला 4 पेनं होतात. हे मुद्दाम सांगते, कारण घरी केलेल्या कामाचे तास आपण मोजत नाही. ‘फावल्या वेळात केलं’ म्हणतो. फावला वेळ कोणाला असतो हो?

तर एका व्यापाऱ्याने 500 पेनं मागितली. भावही बरा देत होता. अट एकच: प्रत्येक पेनाला चिठ्ठी बांधायची, ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या विधवेने बनवलेले’. आमच्यात अशा चौघी. एक ताडकन उठली, “माह्या नवऱ्याच्या मरणाचा भाव लावून राह्यले काय?” दुसरी तिच्यासारखीच. ती म्हणाली, “भाव तं आधीच लागला ना बाई, 1 लाख. कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं म्हणून मले तेही नाही भेटले. चिठ्ठीनं दोन पैसे येत असतीन तं येऊ द्या. पोरीची फी भरा लागते.”

दोघींचं खरं होतं. मला तेव्हा 2019 च्या जानेवारीतलं यवतमाळचं 92 वं साहित्य संमेलन आठवलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्यांची ओळखही शेतकऱ्याची विधवा म्हणूनच करून दिली गेली. पण बोलल्या त्या स्वतः. त्याच वर्षी लोकसभेला उभ्याही राहिल्या. आमच्या पेनावरच्या चिठ्ठीत बोलणार होता व्यापारी.

शेवटी चिठ्ठी आम्हीच लिहिली: कापड कोणतं, वेळ किती लागला आणि करणारीचं नाव. नाव जिचं तिनेच, त्याच पेनाने लिहायचं. पेन चालतं की नाही तेही कळतं! एकीला नाव लिहायला शिकण्यात आठ दिवस गेले, तिची पेनं तोवर थांबवली.

व्यापाऱ्याने 200 च घेतली, तीही कमी भावात. फीसाठी गटातून कर्ज दिलं, इतर सगळ्यांना लावतो त्याच व्याजाने. ती बाई अजून मला म्हणते, “तत्त्व तुमचं, व्याज माहं.” मला याचं उत्तर देता आलेलं नाही. बैठकीत विषय पुन्हा ठेवलाय.

सुया आणल्यात. दोघींत एक घ्या.