औषधं थकली, तरी वाट उरते

नैराश्यावरची दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडत नाही, तेव्हा रुग्ण स्वतःलाच दोष देतो. घरचे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ पण हट्टी असतो तो आजार, माणूस नव्हे. अशा वेळी मेंदूला चुंबकीय स्पंदनं देऊन पाहता येतात. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र दाखवलं. २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली. हा ‘शॉक’ नव्हे. भूल देत नाहीत. रुग्ण जागाच असतो. कपाळाच्या डावीकडे टकटक जाणवते, कधी डोकं दुखतं. आठवड्यातले ५ दिवस, असे ४ ते ६ आठवडे जावं लागतं. फिट येत असतील किंवा डोक्यात धातू बसवला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. पण धास्तीपोटी विचारायचंच राहू नये.